कुठून कुठे?

भारतातून मस्कतला नव्याने आलेल्या माणसाची पहिली झटापट होते ती भिंतीवरच्या सॉकेटशी. समुद्र, डोंगर, खजूर, लोबान वगैरे सगळं नंतर. विमानातून उतरून खोलीवर यावं, घरी "पोचलो" म्हणून कळवायला फोन काढावा, तर फोन मेलेला, चार्जरला दोन गोल पिना आणि भिंतीत तीन चौकोनी भोकं! काही धाडसी मंडळी वरच्या भोकात पेन खुपसून आतली झडप उघडतात आणि गोल पिना दामटून आत बसवतात. (करू नका. ती झडप तुमच्याच जिवासाठी आहे.)

गंमत म्हणजे दोन्ही पिना इंग्रजांच्याच. गोल पिना त्यांच्या जुन्या पद्धतीतल्या. १९४७ साली, म्हणजे इकडे आपल्याला स्वातंत्र्य मिळालं त्याच वर्षी, त्यांनी स्वतःसाठी बीएस १३६३ नावाचं नवं मानक काढलं. त्यात पिना चौकोनी झाल्या आणि प्लगच्या पोटात फ्यूज आला. आपण जुन्या गोल पिनांवर राहिलो, ओमानने नव्या चौकोनी घेतल्या. आतली वीज मात्र जवळपास तीच. भारतात २३० व्होल्ट, ओमानमध्ये २४०, दोन्हीकडे ५० हर्ट्झ. त्यामुळे रुवीच्या बाजारातला पाचशे बैसाचा प्लास्टिकचा तुकडा हा प्रश्न कायमचा सोडवतो. त्या तुकड्यात अक्कल काहीच नसते. गोल भोकातून चौकोनी पिनेपर्यंत जाणारी पितळेची पट्टी, बस्स.

हा तुकडा गुणी आहे, पण तो आपल्या डोक्यात एक समजूत पक्की करून ठेवतो. पिन बसत नाही ना, मग मधे काहीतरी लावा, की झालं! विजेच्या बाबतीत हे बहुतेक वेळा चालून जातं. संगणकाच्या पडद्याच्या बाबतीत मात्र ही समजूत लोकांना पैशांत पडते. आणि अनेकदा ज्यांच्याकडे पैसे कमी आहेत त्यांनाच.

आज हे लिहायला कारण आमची ताई.

ताई रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. चौथीपर्यंतची शाळा, दोन शिक्षक. जून २०१५ मध्ये राज्य सरकारने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू केला आणि त्या सुमारास गावोगाव 'डिजिटल शाळा' करण्याची लाट आली. सरकारकडून येईल तेव्हा येईल, म्हणून लोकवर्गणीतून सामान घेतलं जाऊ लागलं. ताईच्या गावच्या मुंबईकर चाकरमान्यांनी २०१६ साली वर्गणी काढली आणि एका ऑफिसातून निघालेला जुना प्रोजेक्टर घेऊन दिला. गावच्या वायरमनने तो छताला टांगला, निळ्या टोकाची दहा मीटरची केबल पट्टीतून खेळवत मास्तरांच्या टेबलापर्यंत आणली. नारळ फुटला, पेढे वाटले, शाळा डिजिटल झाली.

मधे त्याचा दिवा एकदा गेला, तोही वर्गणीतूनच आला. थोडक्यात काय, तो प्रोजेक्टर गावाचा होता. गावच्या पालखीला जसे सगळ्यांचे खांदे लागतात, तसे त्याला सगळ्यांचे पाच-पन्नास रुपये लागलेले.

मग शाळेचा जुना लॅपटॉप मेला आणि एका कंपनीच्या देणगीतून नवा आला. पातळ, चकचकीत, झटपट चालू होणारा. त्याला कडेला एक एचडीएमआयचं सॉकेट आणि एक टाइप-सीचं. निळी पिन बसेल असं काही नाहीच. "प्रोजेक्टर आता आउटडेटेड झाला बाई, नवा घ्या," असं कुणीतरी सांगून गेलं. नव्याचा भाव आला चाळीस हजारांच्या घरात. ताईने आधी आपल्या पैशाने ऑनलाइन एक डबी मागवली. काडेपेटीपेक्षा जरा मोठी, एका बाजूला निळ्या पिनेसाठी सॉकेट, दुसऱ्या बाजूला एचडीएमआयचं. दोन्ही केबली त्यात अगदी फिट्ट बसल्या. पडद्यावर मात्र 'नो सिग्नल'.

"तुझ्या त्या डॉक्टरेटचा काही उपयोग असेल तर सांग रे बाबा," ताई फोनवर म्हणाली. "पुन्हा वर्गणी मागायची मला लाज वाटते."

फोटो पाठवायला सांगितला. डबीवर बारीक अक्षरांत छापलं होतं: निळ्या सॉकेटखाली 'इन', एचडीएमआयखाली 'आउट'. ताईला हवं होतं नेमकं उलट!

आता पिना बसल्या, तरी दिशा उलटी म्हणून अडलं, हे काय प्रकरण आहे? त्यासाठी जरा मागे जायला हवं.

निळी पिन म्हणजे व्हीजीए. आयबीएम कंपनीने १९८७ साली आपल्या पीएस/२ या संगणकांबरोबर ती आणली. तीन ओळींत पाच-पाच, अशा पंधरा पिना. (निळा रंग नंतरचा. नव्वदीच्या अखेरीस संगणकामागच्या प्रत्येक सॉकेटला ठरावीक रंग देण्याची पद्धत आली, त्यात व्हीजीएच्या वाट्याला निळा आला.) त्या काळचा पडदा म्हणजे काचेची मोठी नळी. तिच्यात इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून उजवीकडे, वरून खाली फिरायचा. तो कुठे प्रखर आणि कुठे मंद, हे ठरायचं तारेतल्या व्होल्टेजवर. लाल, हिरवा, निळा यांची एकेक तार, शून्य ते ०.७ व्होल्ट. शिवाय ओळ कधी बदलायची आणि पान कधी बदलायचं हे सांगणाऱ्या दोन तारा. म्हणजे व्हीजीएच्या केबलमधून चित्राची एक लाटच वाहत असते.

लाट म्हटली की ती पसरते, आपटून परत येते, वाटेत विरते. केबल लांब झाली की अक्षरांना सावल्या पडतात. निळ्या रंगाची तार सैल झाली की पांढरा पडदा पिवळा होतो. ज्यांनी २०००च्या दशकात सेमिनार ऐकलेत, त्यांना पिवळा पडदा आणि प्रोजेक्टरपाशी वाकून पिन हलवणारा शिपाई आठवत असेल! पण या साध्या व्यवस्थेचा एक मोठा गुण होता. चित्र बिघडायचं, पण सहसा पूर्ण जायचं नाही.

पुढे सपाट एलसीडी पडदे आले आणि एक विनोद घडू लागला. संगणकात चित्र आकड्यांत असतं. व्हीजीएसाठी त्याची लाट करायची, केबलमधून पाठवायची, आणि पडद्याने त्या लाटेचे पुन्हा आकडे करायचे, कारण एलसीडीलाही आकडेच कळतात. मराठी माणसाने मराठी माणसाला इंग्रजीतून पत्र लिहावं तसं. मग थेट आकडेच का पाठवू नयेत? यासाठी इंटेल, कॉम्पॅक, एचपी, आयबीएम, फुजित्सु, एनईसी आणि सिलिकॉन इमेज या कंपन्यांनी मिळून १९९९ साली डीव्हीआय आणलं. पांढरं, रुंद, दोन स्क्रू असलेलं.

आकडे म्हणजे किती, ते बघा. १९२० गुणिले १०८० म्हणजे पडद्यावर सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके. प्रत्येकाला २४ बिट. आणि हे सेकंदाला ६० वेळा. झाले साधारण ३०० कोटी बिट दर सेकंदाला. एवढे आकडे तांब्याच्या तारेतून न चुकता न्यायचे, म्हणून दर ८ बिटांचे १० बिट करून पाठवायची युक्ती डीव्हीआयमध्ये आहे. त्यामुळे शून्य-एकची उलथापालथ कमी होते आणि पलीकडे ते नीट ओळखता येतात. इथे अक्षरांना सावली नाही, पिवळा पडदा नाही. चित्र एक तर स्वच्छ येतं, किंवा चांदण्या चमकू लागतात, किंवा काहीच येत नाही.

डिसेंबर २००२ मध्ये एचडीएमआय आलं. हिताची, मात्सुशिता (म्हणजे आजची पॅनासॉनिक), फिलिप्स, सोनी, तोशिबा, थॉमसन आणि पुन्हा सिलिकॉन इमेज अशी बहुतेक टीव्हीवाली मंडळी त्यामागे होती. त्यांनी डीव्हीआयचीच भाषा घेतली, तीत आवाज घातला आणि सोफ्यामागे हात घालून लावता येईल एवढं छोटं सॉकेट केलं. म्हणून डीव्हीआय आणि एचडीएमआय यांच्यामधला अडॅप्टर हा मस्कतच्या भिंतीवरच्या अडॅप्टरसारखा असतो. पिनांचा आकार वेगळा, आतला माल तोच. आत नुसते तांबे, आणि तो दोन्ही दिशांनी चालतो.

व्हीजीए आणि एचडीएमआय यांची गोष्ट मात्र साफ वेगळी. एकीकडे लाट, दुसरीकडे आकडे. मधे दुभाषा लागतो, म्हणजे खरीखुरी चिप लागते. आणि हा दुभाषा एकाच दिशेने भाषांतर करतो. आकड्यांची लाट करणारी चिप वेगळी, लाटेचे आकडे करणारी वेगळी. बाहेरून दोन्ही डब्या जुळ्या बहिणींसारख्या. ताईच्या डबीत लाटेचे आकडे करणारी चिप होती. तिच्या 'आउट'ला लॅपटॉपचं 'आउट' जोडलं होतं. दोघंही बोलणारे, ऐकणारा कुणीच नाही.

रुवी हाय स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत एक मल्याळी गृहस्थ आहेत. त्यांचं दुकान म्हणजे आपल्या पुण्याच्या तपकीर गल्लीतला एखादा गाळा उचलून इथे ठेवावा तसं. गणपतीला घरी जायचं होतं, म्हणून आधीच्या आठवड्यात गेलो आणि म्हटलं, "चेट्टा, व्हीजीए-एचडीएमआयवाला कन्व्हर्टर चाहिये." त्यांनी डब्याकडे हातही नेला नाही. चष्म्यावरून बघत विचारलं, "सर, किधर से किधर?"

एवढा एक प्रश्न ऑनलाइन दुकानाने ताईला विचारला असता तर पुढचं रामायण टळलं असतं!

दोन रियालला डबी मिळाली, म्हणजे साडेचारशे रुपयांच्या आसपास. चिपळूणलाही मिळाली असती, पण मला ती इथे प्रयोगशाळेत तपासून न्यायची होती. तपासायला दोन कारणं. पहिलं विजेचं. त्या चिपला चालायला वीज लागते आणि ती एचडीएमआयच्या १८ क्रमांकाच्या पिनेतून, ५ व्होल्टची, येते. पण लॅपटॉपने तिथून किमान ५५ मिलिअँपिअर द्यावेत एवढंच बंधन आहे. डबी जास्त खाणारी निघाली तर चित्र लुकलुकतं. म्हणून बाजूने यूएसबीची वीज घेता येणारी डबी घेतली. दुसरं कारण आवाजाचं. व्हीजीएमध्ये आवाज नाहीच. पोरांना कविता ऐकवायच्या तर डबीला स्पीकरचं वेगळं भोक हवं. तेही होतं.

शाळेत डबी लावली आणि चित्र आलं. पण अक्षरं ढोबळ, अर्धं पान पडद्याबाहेर. याला कारण पत्रिका!

लग्नाळू मुलामुलींसारखी प्रत्येक पडद्याची एक पत्रिका असते. तिला ईडीआयडी म्हणतात. १९९४ पासूनची पद्धत. मूळ पत्रिका १२८ बाइटची. तिच्यात कंपनीचं तीन अक्षरी नाव, पडदा कोणत्या साली आणि कितव्या आठवड्यात जन्मला, आणि त्याला कोणकोणती मापं झेपतात हे सगळं असतं. संगणक आधी ती वाचतो आणि मग चित्र पाठवतो. व्हीजीएच्या पंधरांपैकी दोन पिना याच कामाला असतात. स्वस्त केबलींमध्ये मात्र त्या तारा जोडलेल्याच नसत, कारण जुन्या काळी त्यावाचून काही अडायचं नाही. वायरमनने खेळवलेली केबल त्यातलीच होती. पत्रिका पोचलीच नाही, म्हणून नव्या लॅपटॉपने घाबरून सगळ्यात लहान माप धरलं. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये जाऊन हाताने १०२४ गुणिले ७६८ निवडलं आणि बालभारतीचं पान भिंतीवर लख्ख उमटलं. चौथीतला एक पोरगा म्हणाला, "बाई, आधीपेक्षा बरं दिसतंय!" तसं काही नव्हतं, पण मी कशाला बोलू.

एक गोष्ट या डबीतून होणार नाही, तीही ताईला सांगून ठेवली. पैसे भरून बघायचे काही सिनेमे लॅपटॉपवर दिसतील, पण भिंतीवर काळा पडदा येईल. डिजिटल चित्राची हुबेहूब नक्कल करता येते, म्हणून इंटेलने त्यावर एचडीसीपी नावाचं कुलूप काढलं. चित्र पाठवण्याआधी लॅपटॉप पलीकडच्या यंत्राला ओळखपत्र विचारतो. निळ्या पिनेला ओळखपत्र कुठलं असणार, ती त्या आधीच्या जमान्यातली. सप्टेंबर २०१० मध्ये या कुलपाची मुख्य किल्लीच इंटरनेटवर उघड झाली आणि ती खरी असल्याचं इंटेलने मान्यही केलं. ज्यांना नक्कल करायची त्यांना कुलूप अडवत नाही. अडतो तो जुन्या प्रोजेक्टरवाला. शाळेला सिनेमे दाखवायचे नव्हते हे नशीब.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात इंटेल, एएमडी, डेल, लेनोवो, सॅमसंग आणि एलजी यांनी मिळून जाहीर केलं होतं की २०१५ पर्यंत संगणकांतून व्हीजीए हद्दपार करायचं. तांत्रिकदृष्ट्या माझी त्याला काही हरकत नाही. जाड केबल, मोठं सॉकेट, उगाच खाल्लेली वीज, सगळं खरं. पण ही मुदत कारखान्यातून नव्याने बाहेर पडणाऱ्या लॅपटॉपसाठी होती. छताला टांगलेल्या वस्तूंना ती कुणी विचारून लावलेली नव्हती. मुंबईच्या ऑफिसाने प्रोजेक्टर काढला, तो गुहागरला पोचला. ज्या साली निळी पिन संपायची होती, त्याच्या पुढच्या साली ताईच्या शाळेत ती सुरू झाली! जुनं सामान वरून खाली असंच झिरपत जातं, आणि पिन बदलण्याचा खर्च शेवटी खाली असेल त्याच्या गळ्यात पडतो. त्यात "आउटडेटेड झालं" हे दोन शब्द कुणीही कुणालाही ऐकवू शकतं. शाळेचा प्रोजेक्टर बंद पडलेला नव्हता. त्याची फक्त बोलाचाली बंद झाली होती.

तुम्ही म्हणाल, आता टाइप-सी आलंय, सगळ्यांना एकच पिन, भांडणच मिटलं. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून फोनना ते सक्तीचं केलं आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. आमच्या शेजारच्या सौदी अरेबियाने फोनसाठी १ जानेवारी २०२५ धरली. भारतीय मानक ब्यूरोनेही २०२३ मध्ये टाइप-सीचं मानक प्रसिद्ध केलं. चार्जरांचा कचरा त्याने कमी होईल, चांगलंच आहे. पण पडद्याच्या बाबतीत इथे तिसरीच तऱ्हा आहे. भिंतीवरच्या प्लगमध्ये आकार वेगळा, माल एक. निळ्या पिनेत आकारही वेगळा, मालही वेगळा. आणि टाइप-सीमध्ये आकार तोच, पण माल काय आहे ते सॉकेटकडे बघून कळतच नाही! त्या २४ पिनांतून चित्र पाठवायची सोय २०१४ पासून आहे, पण ती द्यायची की नाही हे लॅपटॉप बनवणाऱ्यावर. काही सॉकेटं नुसती चार्ज करतात, काही फायली नेतात, काही चित्रही देतात. केबलींचंही तेच. पिन बसते, चार्जिंगचा दिवा लागतो आणि पडदा काळाच. ताईची डबी पुन्हा एकदा, फक्त जास्त सुबक.

म्हणून शाळा, मंडळ, ग्रंथालय असं कुणी विचारलं तर मी आता तीनच गोष्टी सांगतो. नवं घेण्याआधी जुनं खरंच बिघडलंय का, की फक्त पिन जुळत नाही, ते बघा. चित्र कुठून निघतं आणि कुठे जातं हे कागदावर लिहा, आणि तो कागद घेऊनच दुकानात जा. आणि देणगीत लॅपटॉप देणार असाल, तर समोरच्याकडे पडदा कोणता आहे एवढं विचारून, सोबत चारपाचशे रुपयांची डबीही द्या.

ताईने नव्या डबीवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवलंय: 'लॅपटॉपकडून प्रोजेक्टरकडे. मधली वायर काढू नये.' चाळीस हजारांची वर्गणी काढावी लागली नाही. दिव्याचं आयुष्य आहे तोवर प्रोजेक्टर चालेल.

राहता राहिली तिची ती उलटी डबी. ती मी येताना मागून घेतली. आमच्या प्रयोगशाळेत एक मोजणीचं यंत्र आहे, चांगलं ठणठणीत, पण त्याच्या जुन्या संगणकाला फक्त निळी पिन आणि नव्याने आलेल्या मॉनिटरला फक्त एचडीएमआय. मोजणीची यंत्रं वीस वीस वर्षं चालतात, मॉनिटर तेवढे टिकत नाहीत. इथे लाटेचे आकडे करणारीच डबी हवी होती. कोकणात निरुपयोगी ठरलेली ती डबी सध्या मस्कतमध्ये रोज आठ तास इमानेइतबारे काम करते आहे. ताईला तिचे पैसे देऊ केले, तर म्हणाली, "असू दे, शाळेकडून भेट समज."